सदतिसाचा लॉग

५ नोव्हेंबर

ती. काकांस, शि. सा. न.

गुडघा कसा आहे? ताईकडे हक्काने लाड करून घ्या. क्लब मी सांभाळतेय.

कॅरमच्या स्पर्धेला तुम्ही धरून बत्तीस पुरुष होतेच. शेवटच्या दिवशी शिवणकारखान्यातल्या पाच जणींनी नावं दिली. आपल्याकडे बायका पहिल्यांदाच खेळणार! कमिटी म्हणते, बत्तीस म्हणजे बरोब्बर पाच फेऱ्या, हॉलही पाचच संध्याकाळी मिळतोय, तेव्हा त्या पाच कापा. का म्हणून? दर फेरीत निम्मे गळतात, म्हणून मी दोनाच्या पायावर सदतिसाचा लॉग काढला. आला पाच पूर्णांक दोन दशांश. तो वरचा दशांश म्हणजेच त्या पाच जणी, आणि तो खोडता येत नाही. फेऱ्या सहाच! पहिली रविवारी सकाळी व्हरांड्यात घेऊ. कोरा तक्ता सोबत आहे: पाच सामने, बाकी २७ बाय. कोण कुठे, ते चिठ्ठ्या टाकून ठरेल.

मुद्दा पटला नाही तरी लोभ आटवू नका.

तुमची पुतणी,
ठमी

९ नोव्हेंबर

चि. ठमीस, अ. उ. आ.

गुडघा बरा आहे, डोकं फिरलंय. पाच जणींवरून कमिटी पेटलीय आणि तू २७ बाया घुसवतेस? अगं, आणल्यास कुठून एवढ्या? तुझं लॉगबिग मला सांगू नकोस. मी तीन वर्षं जिंकलो ते बोटांवर, गणितावर नाही. नावं खोड, नाहीतर चिटणिसाचा शिक्का परत कर.

लोभ आहे म्हणूनच ओरडतोय.

काका

१३ नोव्हेंबर

ती. काकांस, शि. सा. न.

आधी चष्मा लावा. बाया नव्हे हो, बाय! तुम्ही 'पुढे चाल' म्हणता ना, न खेळता पुढच्या फेरीत जायचं, तेच. पहारेकरीमामांनी सगळ्यांदेखत चिठ्ठ्या उचलल्या. तुम्हाला चाल मिळाली नाही. कमिटी म्हणाली, काका क्लबचे अध्यक्ष आहेत, देऊन टाक. मी शिक्का टेबलावर आपटला. म्हटलं, हा घ्या, चिठ्ठी बदलणार नाही. कुणी हात लावला नाही. तक्ता मी दारावर ठोकलाय.

तुमचा सामना कातरवालीशी. कारखान्यात कापड कापते, आणि नेम असा की भलेभले तोंडात बोटं घालतात. तुम्ही आला नाहीत, तर 'पुढे चाल' तिला.

लोभ ठेवा, सवलत मागू नका.

ठमी

१६ नोव्हेंबर

चि. ठमीस, अ. उ. आ.

त्या 'बाया' वाचून जावई अजून हसतोय. नावं खोडणार नाहीस ना? नको खोडू जा. हट्ट आपल्या घरातलाच आहे. पण हा म्हातारा फुकटची चाल घेत नाही आणि देतही नाही. गुडघ्याला पट्टा बांधून येतोय. उंच खुर्ची ठेव. आणि त्या कातरवालीला बजाव, माझ्यावर दया दाखवलीस तर याद राख.

लोभ असू दे. निदान रविवारपर्यंत.

काका