कुठलाही एक पत्ता ओढा

४ ऑगस्ट, केप कोस्ट

पोचलो एकदाच्या. आमच्या मोरी गावाहून येताना गाडीत शेजारणीची कोंबडी माझ्या मांडीवर होती. शेजारणीपेक्षा कोंबडीच बरी, ती निदान गप्प बसली. फॉस्टिना एशुनने दारातच मिठी मारली नि विचारलं, मावशी, हात आणलेस ना बरोबर? म्हटलं, हात आणलेत, डोळे अर्धे गावीच राहिले.

हे लिहितेय माझी नात एकुआ. मला अक्षर येत नाही. मी बोलायचं, तिने लिहायचं. नर्सच्या शाळेचा निकाल लागेपर्यंत पोरीच्या हाताला गंज नको. जसं बोलेन तसं लिही, एक शब्द गाळायचा नाही, अशी ताकीद आहे. आता हसतेय. हसलीस तेही लिही.

घर समुद्राकडे तोंड करून आहे. खाली दुकान, वर आम्ही. दुकानात जादूगारांचं सामान. टोपीतून कबुतर काढायचा गोंधळ नाही, नाकासमोर बसून करायची पत्त्यांची जादू. लग्नात, बारशात, हॉटेलात टेबलाटेबलाशी फिरून पोट भरणारे जादूगार इथून माल नेतात. प्रत्येक जण स्वतःला प्रोफेसर म्हणवतो. शाळेचं तोंड न पाहिलेला तर नक्कीच. मग मीही प्रोफेसर व्हायला हरकत नव्हती.

हा माल फॉस्टिनाचा नवरा बनवायचा, प्रोफेसर एबो एशुन. पावसाळ्याच्या तोंडावर गेला बिचारा. सप्टेंबरात अफाह्येचा उत्सव, मागण्यांचा ढीग पडलाय, म्हणून फॉस्टिनाने मला बोलावलं. आयुष्यभर शिवणकाम केलं, आता म्हातारपणी लबाडी शिवायची.

रात्री पामच्या फळांचं कालवण नि कुटलेल्या कंदाचा गोळा, आपला फुफू. जेवण झकास. फॉस्टिना काळ्या कपड्यांत आहे, पण हसते मोकळं. बरं वाटलं.

६ ऑगस्ट

कामाला लागले. कोटाच्या बाहीत चोरखिसा शिवते, इतका पातळ की जादूगाराच्या बायकोलाही सापडू नये. एका गिऱ्हाइकाने मुद्दाम तसंच सांगितलंय.

दुसरं काम पत्ते सोलण्याचं. पत्ता पाण्यात भिजवायचा, कोपऱ्याला नख लावायचं, की उकडलेल्या केळ्यासारखं साल निघतं. एका पत्त्याचं तोंड, दुसऱ्याचं तोंड, पाठीला पाठ चिकटवली की दुतोंडी पत्ता तयार. आमच्या मुखियासारखा.

आणि पत्त्यांचा एक कॅट असा असतो की त्यात सगळेच पत्ते एक. आपल्याकडचा चौकट अठ्ठीचा. कुठलाही ओढा, अठ्ठीच येते. वरून मात्र साध्या कॅटसारखाच डबा. कळू नये म्हणूनच तर.

विकण्याआधी प्रत्येक कॅट करून बघायचा असतो. फॉस्टिना पत्ते पसरते, एकुआ ओढते. मी समोर बसून बनवलेली लबाडी, तरी ही पोरगी दर वेळी तोंडाचा आ करते नि टाळ्या पिटते. मला कधी कशाचं आश्चर्य वाटलं नाही. माझ्या लग्नातही नाही.

दुपारी प्रोफेसर कोजो बेन्टिल आला, एबोचा दोस्त. तरुण, ढगळ सूट. थट्टेने मला म्हणतो, काय गं बायको, नवऱ्याला पाणी देशील की नाही? म्हटलं, आधी माझ्यासाठी देज आण, मेल्या. तो एकुआकडे बघून म्हणाला की अशी प्रेक्षक मिळाली तर मी फुकट खेळ करीन. एबोही हेच म्हणायचा म्हणे, की जादू हातात नसते, बघणाऱ्याच्या उघड्या तोंडात असते.

१० ऑगस्ट

आज एक गंमत. बाजारातून आणलेला साधा कॅट, मीच वेष्टन फाडलं. एकुआने सहज एक ओढला. चौकट अठ्ठी. पुन्हा पिसला, पुन्हा अठ्ठी. मग मी ओढला तर बदाम गुलाम. फॉस्टिना ओढते तर किलवर पंजी. एकुआ ओढते, अठ्ठी.

मी म्हटलं, पोरी, लबाडी शिकलीस नि आजीलाच दाखवतेस? ती शपथ घेते. टाळ्याही वाजवते.

फॉस्टिना मात्र हसली नाही. चूल विझली असेल म्हणून उठून गेली. चूल आज पेटवलीच नव्हती.

१३ ऑगस्ट

कुठलाही कॅट घ्या. पोरीच्या हातात अठ्ठीच येते. मी सगळ्या अठ्ठ्या काढून पाण्यात टाकल्या, सोलून लगदा केला. मग तिला ओढायला सांगितलं. आली. ओली होती, नि कडेला लाल माती. दुकानात तशी माती नाही. तसली माती असते वर, टेकडीवरच्या दफनभूमीत.

एकुआची बोटं गार पडलीत. दिवसभर शेकोटीशी बसवली तरी गार. ती म्हणते, आजी, मला भीती नाही वाटत, छान वाटतं. ते मला आवडलं नाही.

१६ ऑगस्ट

भर सकाळी. एकुआ गल्ल्याशी बसलेली. समोर गिऱ्हाइकाची खुर्ची, रिकामी. पोरगी त्या खुर्चीकडे बघून मान डोलावत होती, जसं कोणी काही विचारतंय. मग हात पुढे केला. मी हाक मारली तर दचकली. कोण होतं विचारलं. म्हणाली, काका फार हळू बोलतात, एवढंच म्हणतात की कुठलाही एक ओढ, बाळ.

मी खुर्ची उचलून अंगणात फेकली. म्हातारीच्या मानाने बरी लांब गेली.

१७ ऑगस्ट

कोजोला बोलावलं. फॉस्टिनाला समोर बसवलं नि म्हटलं, बोल आता, नाहीतर मी तुझ्या सगळ्या कोटांचे चोरखिसे उसवते.

रडली. मग बोलली. या धंद्यातल्या लोकांची रीत आहे, जादूगार गेला की त्याच्या हातात त्याचा रोजचा कॅट देऊन पुरायचं, तिकडे उपाशी राहू नये म्हणून. पेटी बंद करायची वेळ झाली, माणसं घाई करत होती, ढोल वाजत होते. हिने फळीवरचा हाताला लागला तो डबा उचलला. सगळे डबे सारखेच दिसतात. घरी आल्यावर बघते तर एबोचा कॅट जागेवर. गेला होता तो चौकट अठ्ठ्यांचा.

कोजोचा चेहरा राखेसारखा झाला. म्हणाला, म्हणजे तिकडे तो खेळ करतोय, नि ज्याला त्याला एकच पत्ता? पहिल्या दिवशी वाहवा करतील, पुढे? आपले मेलेले लोक जिवंत होते तेव्हाही कुणाला सोडत नव्हते. हुर्यो करत असतील त्याची.

फॉस्टिना म्हणाली, हुर्यो झाली की तो जेवायचा नाही.

माझ्या डोक्यात तेव्हाच आलं. तिकडच्या सगळ्यांना युक्ती कळलीय. त्याला ताजा प्रेक्षक हवाय. आ करणारा.

तो माझ्या एकुआला न्यायला आलाय.

१९ ऑगस्ट

टेकडीवर गेलो. कोजोने जमिनीवर दारू ओतली, एबोला हाका मारल्या. फॉस्टिनाने माफी मागितली. खरा कॅट मातीत खोल पुरला, वर दगड ठेवला. मीही बोलले, प्रोफेसर, हे घे तुझं, पोर माझी आहे.

येताना एकुआची बोटं जरा ऊब धरत होती. मक्याच्या आंबवलेल्या पिठाची केंकी नि तळलेला मासा खाल्ला तिने. पोटभर.

२० ऑगस्ट

कॅट टेबलावर आहे. तोच. डबा उघडा, माती लागलेली. वर व्यवस्थित ठेवलाय. नको असलेली वस्तू माणूस जशी परत करतो तसा.

त्याला पत्ते नकोच आहेत.

फॉस्टिना म्हणते थांब, पाद्रीला आणू. मी बोचकं बांधलंय. ती पाया पडली. पडू दे. गाडी दुपारची आहे.

२२ ऑगस्ट, मोरी

घरी. माझी चूल, माझी चटई, होड्यांचा आरडाओरडा. बरं वाटायला हवं होतं.

कोपऱ्यावरून केंकी आणली, केळीच्या वाळक्या पानांत घट्ट बांधलेली. बांधणारी बाई माझी बालपणीची मैत्रीण. एकुआने पान सोडलं. पिठाच्या आत, अगदी मधोमध —

कोरडी होती. स्वच्छ. चौकट अठ्ठी.

आणि माझी पोर हसली. म्हणाली, आजी, कसं केलं असेल गं?

मी थोबाडीत मारली तिच्या. पहिल्यांदाच.

२३ ऑगस्ट

कोपरापर्यंत गार. जेवत नाही. दाराकडे तोंड करून बसते, नाटक सुरू व्हायची वाट बघावी तशी.

कोजोला फोन लावला. तो म्हणतो, तिला चकित होऊ देऊ नका. बस. बाकी मला काही — फोन तुटला.

तिला गोधडीत गुंडाळून शेजारी घेतलंय. लिहितेय तोवर नजर खाली असते. म्हणून बोलते. काहीही. मीठ महाग झालंय. शेजारणीच्या बोकडाला खोकला झालाय. लिही.

२४ ऑगस्ट, भर दुपारी

लिही, एकुआ. डाव्या हाताने वही दाब, उजव्यात पेन. दोन्ही हात गुंतलेले हवेत. वर बघायचं नाही.

टेबलावर पत्ते आहेत. मी ठेवले नाहीत. पसरतायत — एका ओळीत — डावीकडून. डाव्या हाताने देतोय मेला. डाव्या हाताने कुणी कुणाला काही देतं? आईने एवढंही शिकवलं नाही?

तू लिही. मी ओढते. तिच्याऐवजी. ऐकलंस ना, प्रोफेसर? म्हातारी आहे, पण माणूस आहे. मला ने.

ओढला.

इस्पिक तिर्री.

नाही. पुन्हा. किलवर राणी. पुन्हा — बदाम दश्शी — चौकट गुलाम — अठ्ठी देतच नाही मला. ओढते तो बाजूला पडतो — बाजूला — ओळ कमी होतेय —

अगं, मी त्याचंच काम करतेय. नको ते सगळे मी काढून देतेय. आता एकच उरला.

हात लावत नाही मी. नाही लावणार.

लिही. काही नाही तिथे. साधा कागद. मला आश्चर्य वाटलंय का? नाही. कागदाचा तुकडा आहे, उठतोय — आपोआप, हवेत, फुलपाखरासा — अगं बाई, किती सुं —

नाही. ते लिहू नकोस. खोड. खोड ते आधी. खाली बघ, एकुआ. वहीकडे. पेन धर. हसू नकोस, बाळा, लिही. लिहीत रा