नवव्या भागाचा शेवट

२२ सप्टेंबर १९८३

आई बाबांना म्हणाली, "तो तुमचो कप्तान भाकरी देता काय?" आणि बाबा हसले! संपाच्या वीस महिन्यांत पहिल्यांदा. मग माझ्याकडे वळून — "नलू, त्या हालमाचा पुढे काय झाला गो?"

चार वर्षं झाली ती पुस्तकं सोडून. कॅप्टन हालम आणि त्याचं 'ऑरिगा' यान. विलायतेत टीव्हीवर मालिका होती म्हणे, तिच्यावरून काढलेल्या कादंबऱ्या. मालिका आमच्या चाळीत कोणीच पाहिली नाही. पुस्तकं मात्र सगळ्या मजल्याला पाठ. गिरणीचे टाइमकीपर कायतान ती गिरगावातल्या रद्दीतून आणायचे आणि बाबांना द्यायचे — "दत्ताराम, पोरीचं इंग्लिश सुधारेल." मी तेव्हा सातवीत. पहिली पाळी सुटली की संध्याकाळी गॅलरीत चटई पडायची. मी एकेक ओळ इंग्रजीत वाचायची आणि मराठीत सांगायची. बाबांच्या साचेखात्यातले, मागांवरचे दहा-बारा जण मांडी घालून ऐकायला. सगळं श्रावणातल्या पोथीसारखं. अध्याय अर्धा ठेवायचा नाही, मधे उठायचं नाही, भाग संपला की गूळ-खोबरं.

दहावीला चौदाव्या भागावर थांबले. आता एकतिसावा आलाय. मी पहिल्यापासून वाचणार. मधूनच सुरू करणं मला जमत नाही.

२४ सप्टेंबर

पहिल्या भागात मी सांगताना केलेल्या चुका — एकवीस! वेगळ्या पानावर उतरवल्या. यानातली प्राणवायूची टाकी मी पाण्याची म्हणून सांगितली होती. त्यामुळे आमच्या हालमाची माणसं हवेवाचून नाही, पाण्यावाचून कासावीस व्हायची. कोणालाच खटकलं नाही. आमच्या नळाला तरी कुठे पाणी असतं!

लाज वाटली. घरात शिकलेली मी एकटी. मी सांगेन ते सगळे खरं धरत होते.

२७ सप्टेंबर

गिरणीच्या फाटकावर नोटीस लागली. ज्यांना परत यायचंय त्यांनी सोमवारपर्यंत हमीपत्रावर सही करायची. 'संपात गेलो ही माझी चूक झाली. व्यवस्थापन देईल ते काम करीन.' पुढारपण करणाऱ्यांना घेणार नाहीत. आमच्या मजल्यावरचे जगन त्यात आले, आणखी दोघे आले. बाबा त्यात नाहीत. बाबांना घेतील.

शेजारचे लवूकाका जुलैतच सही करून आत गेले. संध्याकाळी मुद्दाम डबा हलवत आले. "काय रे दत्तू, तुझो हालम रेशन घेवन कधी येता? का त्याचापण संप?" गॅलरीतली सगळी हसली. चार-पाच वर्षांपूर्वी हीच माणसं त्याच चटईवर बसायची.

बाबा एवढंच म्हणाले, "हालमान सही नाय केल्यान."

तो नववा भाग. करड्या लोकांनी (हे नाव चाळीनेच ठेवलेलं) यानाला वेढा घातलेला. कागद पुढे करतात — इंजिनखात्यातले सात जण आमच्या हवाली करा, बाकीचे सुटाल. कप्तान कागद फाडतो. सगळे जमिनीवर बसून राहतात. शेवटी करडेच कंटाळून निघून जातात. त्या दिवशी गॅलरीत टाळ्या पडल्या होत्या. आणि संपाच्या पहिल्या दिवसापासून बाबांच्या तोंडी तेच — हालम बसलो, आपण बसूया.

आई मोरीपाशी मला हळूच म्हणाली, "तू सांग त्येंका. तुझा ऐकतत. नायतर तुझा कॉलेज बंद, आणि तू पण माझ्यावांगडा हिंदू कॉलनीत भांडी घासूक चल."

२८ सप्टेंबर

सातव्या भागापर्यंत आले. नववा उघडायची भीती वाटते.

२९ सप्टेंबर

इथे तरी खरं लिहिते.

नवव्या भागाची शेवटची पानं त्या पुस्तकात नव्हतीच. रद्दीत फाटलेली. कागद पुढे केला जातो, कप्तान पेन उचलतो — आणि पुढे नुसता पुठ्ठा. समोर बारा माणसं. शेजारच्या पुतळाबाई गूळ-खोबऱ्याची ताटली घेऊन उभ्या. अध्याय अर्धा ठेवायचा नाही! मी आठवीत होते. पुठ्ठ्याकडे बघत बघत मी बाकीचं सांगितलं. कप्तानाने कागद फाडला, हे मी सांगितलं. माझ्या मनाने. वर पानसुद्धा उलटल्यासारखं केलं.

दहाव्या भागात इंजिनखात्यात सगळी नवी माणसं होती. बाबांनी विचारलं, जुने सात जण खंय गेले? मी म्हटलं, गावी गेले. लावणीला. सगळ्यांना पटलं. गिरणीतली माणसं गावी जातातच.

३० सप्टेंबर

कायतान मास्तरांकडे गेले, भोईवाड्यात. त्यांची बहीण रूथ दार उघडून नुसती बघत राहिली. आजकाल मागायला आलेली माणसंच दारात असतात, म्हणून असेल. मास्तरांच्या कपाटात सगळे भाग ओळीने. नववा मागितला. धड शेवट असलेला.

"कशाला पाहिजे?"

"बाबांना वाचून दाखवायचाय. माझ्याकडून एक चूक झाली होती. दुरुस्त करते."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "चूक तर चूक. सगळीच दुरुस्त करायची असते काय ग?"

मला राग आला. शिकलेला माणूस असं बोलतो! पुस्तक पिशवीत घातलं आणि निघाले.

१ ऑक्टोबर

वाचला. दोनदा. कप्तान सही करतो.

सात जणांना नावानिशी बोलावतो. ते एकेक करून दारातून बाहेर जातात. शेवटचा मागे वळून कप्तानाला सलाम करतो, कप्तान सलाम परत करत नाही. यान घरी पोचतं. बंदरावर बँड वाजतो. संपलं.

उद्या वाचणार. खोट्यावर माणसाने उपाशी बसू नये. हे एक. बाबांनी सही केली तर मला परीक्षेला बसता येईल. हेही आहे. यातलं पहिलं कुठलं ते ठरवता येत नाही, म्हणून दोन्ही लिहून ठेवते.

२ ऑक्टोबर

चटई मीच टाकली. बाबा खूश! हाका मारून माणसं बोलावली. लवूकाका लुंगीवरच आले, जगन आले, आई उंबऱ्यात बसली. मी आधी सांगितलं, नवव्या भागाचा शेवट मागच्या वेळी चुकला होता, आज बरोबर वाचते. बाबा म्हणाले, "वाच."

एकही ओळ गाळली नाही. अडले तिथे डिक्शनरी पाहिली. कप्तानाने सही केली तिथे लवूकाकांनी मांडीवर थाप मारली. "मेल्या दत्तू! तुझो हालम माझ्या आधी फाटकात पोचलो रे!" केवढी हसली माणसं. जगन हसले नाहीत. तेवढे उठून गेले. मधे उठायचं नाही असतं.

मी वाचत राहिले. मला माझे उच्चार चांगले वाटत होते. हेही लिहिते.

संपल्यावर बाबांनी विचारलं, "त्या सात जणांची नावा दिल्यानी हत पुस्तकात?"

आहेत म्हटलं.

"वाच."

वाचली. एकेका नावाला ते मान हलवत होते, हजेरी घेतल्यासारखी. मग आईला म्हणाले, "अध्याय पुरो झालो. गूळ वाट." घरात गूळ नव्हता. आईने साखर वाटली, चिमूट चिमूट. लवूकाकांनी दोनदा घेतली.

३ ऑक्टोबर

बाबांनी सही केली.

दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, एकटे गेले. सही मीच शिकवलेली, चौथीत असताना, पाटीवर. त्याआधी अंगठाच लावायचे.

साचेखात्यात चोवीस वर्षं कायम होते. आता बदली कामगार. रोज सकाळी फाटकाशी उभं राहायचं. कोणाचा खाडा असेल तर आत. खिडकीतला कारकून म्हणाला, "एवढे दिवस कुठे होता? गावी?" बाबा हो म्हणाले.

जगनच्या दारावरून आले तेव्हा जगनच्या बायकोने दार लावून घेतलं.

आईने मला जवळ घेतलं. "शिकलंस त्याचा चीज केलंस गो बाय." मला बरं वाटलं! खरंच वाटलं.

४ ऑक्टोबर

आज बाबांना आत घेतलं नाही. नऊ वाजता परत आले. मी म्हटलं, बाबा, माझं चुकलं होतं, लहान होते, पानं नव्हती.

"माका ठावक होतां. कायतानान त्याच वर्सा सांगितल्यान, कप्तानान सही केल्यान म्हणान."

मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?

"पुस्तक त्यांचा. शेवट तुझो होतो. मियां तेच्यार बसललंय. परवा तूच माका उठयलंस."