दीड हात पाइप

प्रिय आई,

तुला जाऊन सात वर्षं झाली आणि पत्र आज लिहितेय. आज भांडून आलेय मी, आणि भांडणाचं मूळ तू आहेस. मग आधी तुलाच कळवायला नको?

हल्ली मी नाशिकमधल्याच एका वृद्धाश्रमात नोंदणीचं काम करते. नव्या माणसाचा फॉर्म भरायचा: नाव, वय, आजार, नातेवाईक. शेवटी एक ओळ, 'गरजा'. मी विचारायचं, त्यांनी 'काही नको' म्हणायचं, मी 'काही नाही' लिहायचं. सही, शिक्का, झालं!

हे 'काही नको' तुझ्या तोंडून किती ऐकलं मी! चांदवडचं घर सोडून तू आमच्या चाळीत आलीस, आणि जावयाच्या घरी संकोचून भिंतीला टेकून बसायचीस. पाण्याचा तांब्या पुढे केला की तुझा हात आडवा. "नाय लागत आता तहान. वय झालं, पोरी." मला वाटायचं, माझी आई किती गुणाची, कसला म्हणून त्रास नाही. शेजारणींना कौतुकाने सांगायचे गं मी!

ताप चढला तेव्हा डॉक्टर म्हणाले, अंगात पाणीच उरलेलं नाही. चौथ्या दिवशी तू गेलीस.

तुझ्या तेराव्याला शेजारच्या कमलताईंनी सांगितलं. चाळीच्या टोकाच्या संडासात तू एकदा बसलीस ती गुडघ्यांमुळे उठूच शकली नाहीस. दार ठोठावत राहिलीस. त्यांनी तुला ओढून उठवलं, तर तू त्यांनाच शपथ घातलीस, लेकीला सांगू नका म्हणून. त्या दिवसापासून तू पाणी घोटाघोटावर आणलंस. जायलाच नको!

का नाही बोललीस? रागच येतो तुझा. कांद्याच्या वाफ्यात दिवसभर उकिडवी बसणारी बाई तू, गुडघे गेले हे सांगायची लाज वाटली? आणि स्वतःचा तर त्याहून जास्त राग येतो. महिनाभर मी तुला तहान लागली का विचारत राहिले, पण एकदाही तुझ्याबरोबर संडासापर्यंत चालत आले नाही. धरायला भिंतीला दीड हात पाइप पुरला असता. तुझे जावई अंबडच्या कारखान्यात तेव्हाही दिवसभर पाइपच तर कापायचे!

म्हणून आता मी खुर्चीतून उठते. म्हणते, चला आजी, नळावर कशा जाता ते दाखवा. परवा एक आजोबा आले. मुलगा म्हणाला, हट्टी आहेत, अंघोळच करत नाहीत. हट्ट कसला? भरलेली बादली उचलवत नव्हती त्यांना. अर्धी भरून दिली, तर आता रोज अभंग म्हणत अंघोळ करतात. हे सगळं मी फॉर्मच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहिते.

व्यवस्थापकांना ते खपलं नाही. मागचं लिखाण खोडा, नाहीतर सोमवारपासून येऊ नका, असं आज त्यांनी सुनावलं. "ताई, फॉर्ममध्ये हे विचारलेलंच नाही."

"म्हणूनच माझी आई गेली, साहेब," मी म्हणाले. आणि एक अक्षर खोडलं नाही.

सोमवारी मी जाणार आहे. तुझे जावईही रजा टाकून येताहेत, कापलेले पाइप घेऊन. खुर्ची काढून घेतली तर मी दारात उभी राहून लिहीन.

आई, तुला शब्द देते. इथून पुढे कुणी 'काही नको' म्हणालं, तर मी त्यांचं ऐकणार नाही.

तुझं ऐकलं, तेवढं पुरे झालं.

तुझी,
सुमन