टोरांटो ते किन्हवली

३ फेब्रुवारी १९९८
दिवाळीनंतर थेट आज ही वही उघडली. चुकलं. कारण आहे, पण ते सबबीसारखं पुढे करायला लाज वाटते. आईचं दुखणं लिहिलं की ते खरं होईल, असं काहीतरी डोक्यात होतं.
शहापूरच्या डॉक्टरांना सरळ विचारलं. म्हणाले, "पंधरा दिवस. नाहीतर पावसाळाही काढतील. सांगता येत नाही."
सुरेशला बोलवावं का? वर्षातून एकदाच रजा, तीही दोन आठवडे. येऊन परत गेला आणि मग... फोनवर म्हणाला, "ताई, तू सांगशील त्या दिवशी निघतो." टोरांटोत बसून माझ्यावर टाकणं सोपं आहे. (हे अन्यायाचं लिहिलं. राहू दे.)

५ फेब्रु.
आई : "किती लांब हाय गो तो?"
शाळेत मोकळ्या तासाला भिंतीवरच्या नकाशावर दोरा धरला. सतरा हजार कि.मी.च्या आसपास. विमानं बदलणं धरून आईला सांगितलं, दोन दिवस. काका ओटीवर बसले होते, त्यांनीही ऐकलं.

६ फेब्रु.
भूगोल शिकवते आणि सपाट नकाशावर दोरा धरते! आज पृथ्वीगोलावर धरला. रशिया, बर्फाचा समुद्र, ग्रीनलंड. साडेबारा हजार. पण विमान काही दोऱ्यावरून जात नाही, लंडनला उतरतं. सु.च्या हिशोबाने हवेत अठराएक तास, लंडनला थांबणं, सहार विमानतळाहून इथवर जीप. म्हणजे एक दिवस. तिकीट लगेच मिळालं तर. त्या दिवशी लंडनला धुकं नसलं तर.
काकांना दुरुस्ती सांगितली. कशासाठी सांगितली, कोण जाणे.

८ फेब्रु.
काका ओटीवर शेजाऱ्याला सांगत होते, "एक दिस तर एक दिस. मढं उचलेस्तवर गावात चूल पेटत नाय. पोराबाळांनी काय खायाचं? आणि आग तर पोरानंच द्यायाची."
आई आत जागी होती. तिथूनच म्हणाली, "भावजी, मला बर्फात घालून ठेवणार काय? मी बाजारातलं पापलेट हाय?"
शेजारी हसला. काका चपला शोधायला लागले.
ते गेल्यावर आईने मला जवळ बसवलं. "सुरेशला म्हणावं, आता ये. माझ्याशी बोलायला ये. मी गेल्यावर धावत नको येऊ. आग तू दे."
मी म्हटलं, काका ऐकायचे नाहीत.
"त्यांना मी सांगीन. तुला चालंल का, ते बोल."
मी पाणी आणायच्या निमित्ताने उठले.

९ फेब्रु.
आईने काकांना सांगितलं. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "आजारी माणूस काय पन बोलतो. आपल्या गावात बाईनं आग दिली नाय कधी. पोराला आता थांबव, शेवटाला बोलव."
दिवसभर तेच. सु.ला आत्ता बोलावलं तर शेवटी तो नसणार, म्हणजे त्याचा हक्क मी घेतला. आणि नाही बोलावलं तर तो अग्नी द्यायला येईल, पण आई त्याच्याशी बोलायची राहील. आईचं ऐकतेय, की मलाच ते हवं आहे? वर्गात दोनदा तोच धडा काढला. मुली एकमेकींकडे बघत होत्या.

१० फेब्रु.
आज पेजही दोन चमचेच गेली. दुपारी मला म्हणाली, "बोललीस नाय अजून."
मी म्हटलं, चालेल.
ती भिंतीकडे वळून झोपली. ऐकलं की नाही, कळलं नाही. पुन्हा विचारायचा धीर झाला नाही.

उद्या : पहिल्या एस.टी.ने शहापूर, सुरेशला फोन.