चुलीवरची क्यासेट

८ फेब्रुवारी २०२६

येत न्हाय! क्यामेऱ्याची वायर ल्यापटॉपला जोडली, तर आत नुसते चार-पाच फोटो. व्हिडिओचा पत्ताच न्हाय. तासभर डोकं फोडल्यावर कळलं – वायरीतनं फक्त कार्डावरचं येतं. जत्रा क्यासेटवर हाय.

केशवकाकानं मस्कतहून आणलेला हा क्यामेरा. गावची लक्ष्मीची जत्रा त्यानंच काढली, तेव्हा मी पाच वर्षांचा. दिवाळीला गेलतो तेव्हा काकाकडनं क्यामेरा, आईकडनं क्यासेट मागून घेतली आणि थेट इथं राजकोटला आणली. ल्यापटॉप खोलीतल्या भावकूचा. हिंडलग्याचा गडी, माझ्याबरोबर फौंड्रीत. म्हणतो, "साचे मोडतोस ते मोड. माझा ल्यापटॉप मोडू नको म्हंजे झालं!"

१० फेब्रुवारी

आईचा फोन. घर रंगवायला काढलंय. एप्रिलात जत्रा, एकोणीस वर्षांनी. गावातल्या सगळ्या लेकी सासरहून येणार, लक्ष्मीची ओटी भरणार. बापानं नाहीतर भावानं जाऊन बोलवायचं आणि घेऊन यायचं, अशी आमच्याकडची रीत.

मी विचारलं, आक्काचं काय?

आई म्हणाली, "आप्पांपुढं तिचं नाव काढलं की उठून गोठ्यात जातात. तू बी काढू नको बाबा."

नीलमआक्कानं आपल्या मनानं लग्न केलं. नागेंद्रभावजी कन्नड, आपल्या जातीचे न्हाईत. कोगनोळीत हायवेला दोघांची खानावळ हाय. आप्पांनी तेव्हाच सांगितलं – ह्या उंबऱ्यात तुझा पाय नको. मी आक्काला फोन करतो, पण घरचा विषय काढला की "गिऱ्हाईक आलंय रं" म्हणून ठेवते.

म्हणून ही क्यासेट पाहिजे. त्यात आक्का हाय. आप्पांनी ती बघितली की बोलावतील तिला. बोलावतीलच!

१२ फेब्रुवारी

दिवसभर भट्टीपुढं. वितळलेलं लोखंड बघून जत्रंतल्या पिवळ्या भंडाऱ्याची आठवण होणारा मी एकटाच येडा असणार.

१५ फेब्रुवारी

फोटो स्टुडिओत गेलतो. लग्नाचे व्हिडिओ काढणारा म्हातारा मालक. म्हणाला, ह्याला फायरवायरची केबल लागते, आणि तुमच्या नव्या ल्यापटॉपला ते भोकच नसतं. त्याच्या माळ्यावर जुना कॉम्प्युटर होता, तो दोघांनी खाली उतरवला, पुसला, जोडला. कॉम्प्युटरला क्यामेरा दिसेना. केबल बदलली. पुन्हा चालू केला. न्हाय! शेवटी बघतो तर क्यामेऱ्याचं बटण रेकॉर्डिंगवरच! प्लेवर नको का करायला? दोघं बी हसलो.

मग चित्र आलं – नुसते चौकोन. करडे, पिवळे. आवाज उचकी लागल्यासारखा. म्हाताऱ्यानं क्यासेट काढून नाकाशी धरली.

"कहाँ रखी थी इसको?"

आता काय सांगू ह्याला! आमच्या खानापूरकडच्या पावसात भिंतींना पाणी सुटतं. म्हणून जपायचं ते सगळं चुलीवरच्या माळ्यावर. बियाणं, पापड, आईचा शालू. क्यासेट बी तिथंच. आईनं इतके पावसाळे ती बुरशीपासून वाचवली – आणि धुराला दिली.

मी बी वास घेतला. भाकरीचा, सरपणाचा, ओल्या भिंतीचा. तिथल्या तिथं घरी जाऊन आलो. म्हातारा बघत होता म्हणून नाक बाजूला केलं.

१६ फेब्रुवारी

भावकू म्हणतो, "आईला सांग, ल्यापटॉप बी चुलीवर ठेवू का म्हणून!" त्याला एक लाथ.

१९ फेब्रुवारी

क्यासेट नुसती पुढं-मागं पळवायची, मधीमधी क्यामेऱ्याचं हेड साफ करायचं. पळवली की थोडी काजळी सुटते, म्हातारा म्हणतो. आज चौकोनांतनं एक हात दिसला. बांगड्या असलेला. कुणाचा ते कळलं न्हाय.

२२ फेब्रुवारी

आली! लई साफ न्हाय, पण आली!

तासाची क्यासेट कॉम्प्युटरात यायला तासच लागतो. पळवून चालत न्हाय. मला एका जागी बसवत न्हाय हे सगळ्यांस्नी ठाऊक हाय. आज हाललो न्हाय.

सगळं पिवळं. भंडाऱ्यानं माणसं ओळखू येईनात. लक्ष्मी खांद्यावर घेऊन गडी पळत्यात, ढोल, शिट्ट्या. मग आप्पा. काळे केस! खांद्यावर मी, नाक गळतंय, फुग्यासाठी रडतोय. हाताशी आक्का – परकर-पोलकं, दोन वेण्या. शेजारची मालुबाईकाकू हसत आप्पांना म्हणते, "परशराम, फुडल्या जत्रंला ही सासरची हुईल बघ!"

आप्पा म्हणतात, "हुंदे की. आणायला म्या सोता जानार. बैलगाडी सजवून."

आक्का ओरडते, "बैलगाडी नको आप्पा, मोटार आणा!"

आणि आप्पा हसतात. असे हसलेले मी कधी बघितलेच न्हाईत. का बघितलेत, आणि विसरलो?

तेवढाच तुकडा कापून आप्पांच्या फोनवर धाडला. म्हाताऱ्याचे पाय धरले.

२३ फेब्रुवारी

बघितलाय. खूण निळी झाली. उत्तर न्हाय. एवढं बघून बी? दगड हाय माणूस!

२५ फेब्रुवारी

जेवणाच्या सुट्टीत आप्पांचा फोन. ते कधी करत न्हाईत. मागं गाय हंबरत होती, म्हणजे गोठ्यातनंच.

"बघितलं रं. मी गेलतो कोगनोळीला. दिवाळी झाल्यावर एकदा, संक्रांतीला एकदा. तुझ्या आईला बोललो न्हाय. पोरगीनं दार उघडलं न्हाय."

चुकीच्या माणसाला धाडला मी. आता आक्काला धाडतोय.