एकतीस जुलैपर्यंत धर्मादायाचं औषध नको

मी, जेबेझ हॅस्लम, वय अठ्ठावन्न, धंदा लाकडी तळाचे बूट करणे, राहणार थ्रॉस्टनली, परगणा लँकशायर, पुरत्या शुद्धीवर हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. छाती भरली आहे, डोकं नाही. कुणाची जबरदस्ती नाही. माझ्यावर जबरदस्ती करून आजवर कुणाचं भलं झालेलं नाही.

कलम पहिलं, माझ्या देहाबाबत. मी बेशुद्ध पडलो तरी एकतीस जुलैपर्यंत धर्मादायाचा डॉक्टर आणू नये आणि त्याची बाटली माझ्या तोंडाला लावू नये. या घरात येऊन त्या दिवशी मला बारा महिने पुरे होतात. घरपट्टी भरणारा माणूस म्हणून माझं नाव जन्मात पहिल्यांदा मतदारांच्या यादीत चढेल. धर्मादाय म्हणजे गरिबांना पट्टीच्या पैशातून मिळणारी मदत; तिचा एक घोट पोटात गेला की नाव कटलं, असा कायदा आहे. पाच दिवस उरलेत. मरायचंच असेल तर पहिल्या तारखेनंतर मरेन.

कलम दुसरं. माझ्या सुऱ्या, पकडी आणि ठोकळे वहिनीला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या विधवेला, टॅबिथा हॅस्लम हिला द्यावेत. तिने ते विकावेत नाहीतर नदीत टाकावेत, पण शेजारच्या सायलस ग्रिमशॉला देऊ नयेत. त्याचे बूट महिन्यात उलतात, तरी अठराशे अडुसष्ट सालापासून त्याला मत आहे. का, तर त्याने लग्न करून घर थाटलं. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, म्हणूनच मी त्याला साक्षीला बसवला आहे.

कलम तिसरं, खुंटीवरच्या काळ्या उंच टोपीबाबत. ही टोपी माझा थोरला भाऊ, एनॉख, याची. आमच्या गावात जुन्या रिवाजाने प्रत्येक बाप्याला मत होतं, अगदी विणकरालाही. बत्तीस साली मतांच्या कायद्यात सुधारणा आली. सुधारणा कसली डोंबलाची! भाडं जास्त त्याला नवं मत, आणि आमच्यासारख्यांचं जुनं मत फक्त ज्याला आधीच होतं त्याला, तो जिवंत असेपर्यंत. मताला एकवीस पुरी लागतात; एनॉख तेव्हा बावीसचा होता, मी सतराचा. एका आईच्या पोटचे, एका ताटात जेवलेले; त्याला जन्मभराचं मत आणि मला ठेंगा.

मत तेव्हा उघड, तोंडी द्यायचं. तेव्हापासून दर निवडणुकीला तो ही टोपी घालून चौकातल्या मांडवात चढायचा आणि आपल्या उमेदवाराचं नाव मोठ्याने सांगायचा. गिरणीचा मालक खाली उभा असला तरी आवाज खाली यायचा नाही. लोक मला म्हणायचे, तुझा भाऊ वाघ आहे. माझा जळून कोळसा व्हायचा. मी त्याच्याच घरात एका खोलीत राहत होतो, त्यामुळे घरी आल्यावर तीच कथा पुन्हा ऐकावी लागे.

अमेरिकेतल्या लढाईमुळे कापूस बंद झाला आणि गिरण्या बसल्या. सारा मोहल्ला धर्मादायाचा पाव खात होता. एनॉखने मतापायी तो घेतला नाही. बटाट्याच्या सालींवर दिवस काढले. चौसष्टच्या वसंतात तो तापाने पडला. मी त्याच्या नावाने धर्मादायाच्या कारकुनाकडे गेलो, डॉक्टर आणला, औषध आणलं आणि सांगितलं, "दादा, पैसे मी भरलेत, पी." तो प्याला. बरा झाला. लोक म्हणतील भावाचा जीव वाचवला. बूट विकून मला डॉक्टर परवडत होता, हे इथे लिहून ठेवतो.

ऑगस्टात चर्चच्या दारावर यादी लागली. बत्तीस वर्षं नाव होतं, म्हणून त्याने पाहिलीच नाही. मी पाहिली. पुढच्या वर्षी तो टोपी घालून मांडवात चढला आणि सगळ्यांदेखत कारकुनाने सांगितलं की धर्मादाय घेतल्यामुळे नाव काढलं आहे. एनॉखने टोपी काढली आणि खाली उतरला. मला त्याने एक शब्दही विचारला नाही. त्याच हिवाळ्यात तो गेला. जाताना म्हणाला, टोपी जेबेझला द्या.

एवढ्यावर माझी जळजळ थांबायला हवी होती. पण एकोणसत्तरला कायदा आला की घरपट्टी भरणाऱ्या विधवेला नगरपालिकेत मत. वहिनी बटाटे आणायला गेली, येता येता मत देऊन आली आणि सोलायला बसली. तिच्या घरातला भाडेकरू म्हणून मी कोरडाच. तिचा बटाटा माझ्या घशाखाली उतरेना. तीन वर्षं धुमसून मी हे वेगळं घर घेतलं. आता म्हणे कागद पेटीत गुपचूप टाकायचा. मग टोपी दाखवू कुणाला? असो. टोपी वहिनीला द्यावी.

पुरवणी. आज दुपारी वहिनी रस्सा घेऊन आली, तेव्हा तिसरं कलम तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मला ठाऊक होतं, भावजी. बाटलीवर धर्मादायाची चिठ्ठी होती. औषध संपल्यावर दिसली. त्यांनीही पाहिली."

मी विचारलं, मग टोपी मला का दिली?

"ते म्हणाले, त्याच्याच खुंटीवर असू दे. रोज दिसली पाहिजे."

मग तिने वाडगा पुढे केला. "हे माझ्या चुलीवरचं आहे. प्या. नाव जायचं नाही."

मी प्यालो. तिसऱ्या कलमातला शेवटचा आदेश रद्द. टोपी कुणालाही देऊ नये; मी जिवंत असेपर्यंत खुंटीवरून काढू नये आणि नंतर माझ्याबरोबर पुरावी.

हे खरं. सही: जेबेझ हॅस्लम.

आम्ही दोघांनी एकाच वेळी हजर राहून त्याची सही पाहिली आणि आपली केली:
सायलस ग्रिमशॉ (दुसरं कलम वाचलं. बूट दोन महिने टिकतात.)
ऑबडाया टॅटरसॉल, शाळामास्तर

थ्रॉस्टनली, शनिवार, २६ जुलै १८७३