तळघरातली ओल

३ नोव्हेंबर

हार्लनच्या कपाटात एकही बंदूक नाही!

मी चिकटपट्टी शोधायला तळघरात उतरले होते. माझ्या ट्रकच्या मागच्या दिव्याची काच फुटलीय, इंडियाना ओलांडताना कुठेतरी. तर बंदुकांचं ते लोखंडी कपाट सताड उघडं. आत जुने बूट आणि वहिनीची, लीनेटची शिवणाची मशीन. बाबांची रायफलसुद्धा नाही. लहानपणी त्या कपाटाला हात लावला म्हणून मी फटका खाल्ला होता, आणि आता त्यात बूट!

सख्खा भाऊ असूनही हार्लनला विचारायचं धाडस झालं नाही. दिव्याचंही राहूनच गेलं.

५ नोव्हेंबर

आज घड्याळं तासभर मागे. एक तास फुकटात मिळाला, तो झोपून घालवला.

मग चढ चढून लॉर्नकडे गेले. म्हातारा बाबांचा शिकारीतला जोडीदार, आता हार्लनचा शेजारी. कुऱ्हाडीला धार लावत होता. वर न बघता म्हणाला, हार्लनच्या तळघरात ओल आलीय, म्हणून बंदुका माझ्याकडे ठेवल्यात.

तळघर खडखडीत कोरडं आहे. पण मी कितीही भटकले तरी या डोंगरातलीच. ‘ओल’ म्हणजे काय ते मला कळतं. दारू प्यायलेल्या मित्राच्या ट्रकची किल्ली काढून घेतात ना, तसंच हे. कुणाची बायको गेली, कुणाचं मूल गेलं, की त्याच्या तळघरात ओल येते आणि बंदुका शेजारी जातात. कुणी काही विचारत नाही. माणूस सावरला की परत.

हार्लनची सॉ मिलमधली नोकरी जुलैत गेली. पट्ट्याच्या करवतीत एकाचा हात सापडला आणि फोरमननं सगळं खापर हार्लनवर फोडलं. ऑगस्टात लीनेट आईकडे निघून गेली. मी तेव्हा मेनमध्ये ब्लूबेरी तोडत होते, नंतर डाकोटात बीटच्या हंगामाला. मला कुणी कळवलंच नाही. कळवणार कुठे म्हणा!

‘तू काढून घेतल्यास की त्यानं आणून दिल्या?’ मी विचारलं.

‘त्यानं. सप्टेंबरात एके सकाळी आला, सगळ्या ट्रकमध्ये घालून. मी कॉफी केली. तो प्यायला. झालं.’

म्हणजे माझा भाऊ मरणाच्या इतका जवळ जाऊन आला. आणि मी बीट मोजत होते.

६ नोव्हेंबर

हार्लनला न्याहाळत बसते. तो दाढी करत असला की बाहेर उभी राहते. ‘काय गं भटकभवानी, न्हाणीघराचं भाडं घेणार आहेस का?’ म्हणाला. हसले. पण दारातून हलले नाही.

९ नोव्हेंबर

फायर स्टेशनच्या हॉलमध्ये सभा. आमदार लोकांचं म्हणणं ऐकायला आला होता. एरवी तिथे रविवारी पॅनकेक मिळतात. मला सारखा सिरपचा वास येत होता, त्यामुळे पहिलं अर्धं भाषण कानावरून गेलं.

विषय नव्या कायद्याचा. एखादा माणूस धोक्याचा वाटला तर घरच्यांनी किंवा पोलिसांनी न्यायाधीशाला सांगायचं, आणि त्यानं त्या माणसाच्या बंदुका काही काळ काढून घ्यायच्या. शेजारच्या काउंटीत ऑगस्टच्या जत्रेत गोळीबार झाला, तेव्हापासून हेच चाललंय. घरात, दुकानात, चर्चच्या पायऱ्यांवर.

एकानं सुचवलं, शाळेतल्या मास्तरांना पिस्तुलं द्या. त्यावर तिसरीच्या वर्गाच्या बाई म्हणाल्या, ‘मला दिवसातून चारदा माझा चष्मा सापडत नाही. पिस्तूल कुठे शोधू?’ सगळे हसले. तो माणूसही हसला, पण खाली बसला नाही.

मग मिसेस हुडाक उठल्या. जत्रेतल्या त्या गोळीबारात त्यांची बहीण गेली. कणसं घ्यायला रांगेत उभी होती. त्या ओरडल्या नाहीत, रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, की ज्यानं हे केलं त्याच्या आईला महिनाभर माहीत होतं. ती पोलिसांकडे दोनदा गेली. पोलीस म्हणाले, बाई, त्यानं अजून काही केलेलं नाही. ‘मी त्या आईवर रागावायला गेले होते,’ त्या म्हणाल्या, ‘आणि तिच्या स्वयंपाकघरात बसून आले.’



आणि कोण उठावं? हार्लन! टोपी हातात, कान लाल. मला दु:ख आहे, पण न्यायाधीश आम्हाला ओळखत नाही, म्हणाला. या डोंगरात आम्ही आपली माणसं आपण सांभाळतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. लॉर्ननं नाही वाजवल्या. तो आपल्या बुटांकडे बघत होता.

मला उठून ओरडावंसं वाटलं, अरे, तुझ्याच बंदुका त्या म्हाताऱ्याकडे आहेत!

नाही उठले.

१० नोव्हेंबर

सकाळी ट्रकमध्ये भांडण. मी म्हटलं, तुझ्या बंदुका लॉर्नकडे आहेत, मला माहीत आहे. मग म्हटलं, तू स्वतःच स्वतःच्या काढून घेतल्यास, मग दुसऱ्याच्या काढायला विरोध का? त्यानं काच खाली केली, थुंकला, काच वर केली.

‘कागद घेऊन शेरीफ दारात आला असता ना, तर मी एकही दिली नसती. लॉर्ननं कागद मागितला नाही.’

‘आणि ज्याला लॉर्न नाही त्यानं काय करायचं?’

त्यानं रेडिओ लावला. उत्तर मलाही येत नव्हतं, पण विचारणारीला उत्तर यावंच लागतं असं थोडंच आहे.

दिवसभर त्यावरच विचार. मला दोन्ही बाजू पटतात, हीच माझी पंचाईत. शाळेतही असंच व्हायचं. बाई विचारायच्या कोण बरोबर, आणि मी खिडकीबाहेर. जत्रेत गोळ्या झाडणाऱ्या त्या पोराच्या आईला शेजारी नव्हते का? होतेच की. त्यांनी काय पाहिलं असेल? माणूस रोज पाहिला की दिसेनासा होतो का? बदकं दक्षिणेला निघालीत. नांगरलेल्या शेतात शंभरेक उतरली होती, ती बघायला थांबले, मग कामावर उशीर झाला. सध्या मी डायनरमध्ये कॉफी-नाश्ता वाढते, तिथल्या मालकिणीनं बोलून घेतलं.

१४ नोव्हेंबर

हार्लन आज शिट्टी वाजवत होता. लिहून ठेवते.

१९ नोव्हेंबर

लॉर्नचं खुब्याचं ऑपरेशन आहे. मुलीकडे निघालाय, फ्लोरिडाला. त्याच्या कपाटाची किल्ली मला दिली. मी म्हटलं, मला? माझी स्वतःची किल्ली आठवड्यातून एकदा हरवते! म्हणाला, तूच आता त्याची शेजारीण.

मग जरा घुटमळून म्हणाला, शनिवारी हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू होतोय. पहिल्या दिवशी माणसाच्या हातात त्याच्या बापाची रायफल असावी. पोरगा आता हसतो, जेवतो. एक दिवस देऊन बघ. ‘एवढंही दिलं नाही तर त्याला वाटेल, आपण त्याला कायमचा आजारी धरलाय.’

इथे हंगामातल्या पहिल्या सोमवारी शाळासुद्धा बंद असतात. पहिल्या दिवशी घरात बसलेला पुरुष म्हणजे एकतर पाय मोडलेला, नाहीतर मेलेला.

२२ नोव्हेंबर

डायनरमध्ये मिलमधली जुनी टोळी आली होती. हार्लन कॉफी घेत होता. यंदा काय, बंदुकीशिवाय हरणांना दगड मारणार का, एक म्हणाला. दुसरा म्हणाला, नाही रे, तो त्यांना सभेला बोलावणार आहे. हार्लनही हसला. पण कॉफी तशीच टाकून गेला.

ठरलं. देणार.

२३ नोव्हेंबर

थँक्सगिव्हिंग. टर्की मी केली, म्हणून कच्ची राहिली. तळून खाल्ली. लीनेटचा फोन आला होता, हार्लन बराच वेळ पडवीत बोलत होता. आत आला तेव्हा चेहरा मोकळा होता.

मग तर देणारच.

२४ नोव्हेंबर

दुपारी बाबांची रायफल आणली. तेल लावून पुसली, स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवली, शेजारी त्याचं नारिंगी जॅकेट घडी करून. वाटलं होतं, बघून खूश होईल.

हार्लन दारात थांबला. उंबरा ओलांडलाच नाही. 

‘गोळ्या कुठेत?’

‘तिकडेच. उद्या आणणार होते.’

‘ती उचल. तुझ्या ट्रकमध्ये ठेव, लॉर्नकडे ने, कुलूप लाव. किल्ली कुठे ठेवतेस ते मला सांगू नकोस.’

मी चिडले. एवढं सगळं प्रेमानं केलं! त्याला म्हटलं, अरे, तू बरा झालायस, मला दिसतंय, तू स्वतःला काही करणार नाहीस. तो माझ्याकडे बघत राहिला. जणू मी परक्या भाषेत बोलतेय. मग कोठाराकडे गेला, आणि मी ती उचलेपर्यंत परत आला नाही.

२५ नोव्हेंबर, शनिवार

उजाडल्यापासून डोंगरात बंदुकांचे बार. आम्ही दोघं पायरीवर कॉफी घेत बसलो होतो. मी काही विचारलं नव्हतं. तो आपणहून बोलला.

‘मला स्वतःला काही करायचं नव्हतं गं. कधीच नव्हतं.’

सप्टेंबरात तो रायफलींत गोळ्या भरून, त्या ट्रकमध्ये घालून मिलवर गेला होता. पाळी बदलायच्या वेळी. ट्रक फाटकासमोर लावून बसला होता. फोरमनची गाडी आली, तिच्यामागे बाकीचे, जेवणाचे डबे घेऊन. फाटकावर कुणी नवा पोऱ्या होता. त्यानं ह्याला ओळखीचा समजून हात केला. ह्यानंही केला. मग ट्रक वळवला तो थेट लॉर्नकडे.

इतके दिवस मी आणि लॉर्न समजत होतो, आम्ही हार्लनला वाचवतोय.